५११ विजयांची उलटतपासणी: ‘बेसबॉल-रेफरन्स’ या संकेतस्थळाचे परीक्षण

ठाण्यात क्रिकेटचे गुणलेखन करणाऱ्या माणसाला अमेरिकेतील बेसबॉलच्या आकडेवारीचे संकेतस्थळ कशासाठी लागते, असे सेंट्रल मैदानावरच्या आमच्या मंडळींपैकी अनेकांनी मला विचारले आहे. गुणलेखकाला कोणताही आकडा दिसला की एकच शंका येते: हा आकडा कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणत्या कागदावरून काढला? ‘बेसबॉल-रेफरन्स’ हे संकेतस्थळ या शंकेला इतक्या खोलवर उतरून उत्तर देते की क्रिकेट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी नीट वाचून पाहावे, असे माझे मत झाले आहे. मात्र त्यात एक मोठी उणीवही आहे आणि ती उघड व्हायला फार जुना खेळाडू घ्यावा लागतो. म्हणून या परीक्षणासाठी मी साय यंग या पिचरचे पान निवडले. क्रिकेटमध्ये जे काम गोलंदाजाचे तेच बेसबॉलमध्ये पिचरचे, एवढे गृहीत धरून पुढचे वाचले तरी चालेल.

संकेतस्थळाची माहिती थोडक्यात देतो. शॉन फोरमन यांनी ते २००० साली सुरू केले आणि आज ते फिलाडेल्फियातील ‘स्पोर्ट्स रेफरन्स’ या कंपनीमार्फत चालते. मुख्य पाने फुकट असून त्यांचा खर्च जाहिरातींवर भागतो. निकष लावून शोध घेण्याची सोय ‘स्टॅटहेड’ या नावाने वेगळी आहे आणि तिला वर्गणी पडते. सर्व मजकूर इंग्रजीत आहे. तक्त्यांचे मथळे संक्षेपांत असतात, पण संक्षेपावर बोट किंवा माउस नेल्यास त्याचे स्पष्टीकरण उघडते, त्यामुळे बेसबॉलची ओळख नसलेल्या वाचकालाही तास-दीड तासात हात बसतो. खेळाडूच्या नावाने शोध घेतला की त्याचे पान येते, त्यातील हंगामावर गेले की संघाचे पान, तेथून त्या वर्षाच्या संपूर्ण लीगचे पान, आणि जेथे सामन्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत तेथे थेट त्या दिवसाचा धावफलक. वरच्या बेरजेपासून खालच्या नोंदीपर्यंत उतरण्याची ही सलग वाट हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

यंगच्या पानावर गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती शेवटची, एकूण बेरजेची ओळ. डेंटन ट्रू यंग हा २९ मार्च १८६७ रोजी ओहायो राज्यातील गिलमोर या गावी जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वेगामुळे ‘सायक्लोन’ हे टोपणनाव पडले आणि त्याचेच पुढे ‘साय’ झाले, असे सांगतात. तो १८९० ते १९११ असे २२ हंगाम खेळला: आधी क्लीव्हलंड, मग सेंट लुईस, १९०१ पासून बॉस्टन, १९०९ मध्ये परत क्लीव्हलंड आणि शेवटचे काही सामने पुन्हा बॉस्टनमध्येच, पण तेथील दोन प्रमुख लीगांपैकी दुसऱ्या लीगमधील संघाकडून. त्याच्या नावावर ५११ विजय आहेत. त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वॉल्टर जॉन्सनचे ४१७ आहेत. एखाद्या पिचरने दरवर्षी २० विजय मिळवत पंचवीस वर्षे काढली तरी तो ५०० वरच थांबेल, आणि आजच्या काळात एका हंगामातील २० विजय हीसुद्धा बातमी होते. यंगने २० किंवा त्याहून अधिक विजय १५ हंगामांत मिळवले आणि त्यांपैकी पाच हंगामांत तिशी ओलांडली. हंगामवार ओळींतील विजय मी कागदावर मांडून बेरीज केली, ती ५११ च येते. गुणलेखकाने हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण ‘विजय’ म्हणजे काय? क्रिकेटमध्ये सामना संघ जिंकतो आणि कोणा एका गोलंदाजाच्या खात्यावर तो लिहिला जात नाही. बेसबॉलमध्ये मात्र जिंकणाऱ्या संघाने जी आघाडी शेवटपर्यंत टिकवली ती घेतली गेली तेव्हा जो पिचर कामावर होता, त्याच्या नावावर विजय नोंदवतात, आणि सामना सुरू करणाऱ्या पिचरने त्यासाठी नऊपैकी किमान पाच इनिंग (एका इनिंगमध्ये संघाचे तीन फलंदाज बाद होतात) टाकलेल्या असाव्या लागतात. ही व्याख्या नियमपुस्तकात १९५० साली आली. यंगने शेवटचा चेंडू टाकला त्याला तेव्हा जवळपास चार दशके लोटली होती. त्याच्या काळात विजय कोणाचा हे बरेचसे त्या दिवशीच्या गुणलेखकाच्या मनावर होते आणि पुढच्या संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतील धावफलक तपासून त्या बेरजा पुन्हा मांडल्या. त्यामुळेच यंगचे पराभव काही जुन्या यादीत ३१६ दिसतात, तर येथे ३१५.

याचे याहून ठळक उदाहरण चार्ल्स रॅडबर्नचे आहे. प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाच्या या पिचरने १८८४ मध्ये ६७८ हून अधिक इनिंग टाकल्या आणि त्या वर्षीचे त्याचे विजय कोणी ५९ मोजतो, कोणी ६०. वाद एका सामन्याचा आहे. त्यात दुसऱ्याच पिचरने पहिल्या पाच इनिंग टाकून आघाडी मिळवून दिली, रॅडबर्नने उरलेल्या चार टाकल्या आणि गुणलेखकाने विजय रॅडबर्नला दिला. आजच्या नियमाने तो पहिल्या पिचरचाच ठरला असता. अशा ठिकाणी संकेतस्थळाने एक आकडा छापून मोकळे होणे मला पटत नाही. आपल्याकडे विल्फ्रेड ऱ्होड्सचे प्रथम श्रेणीतील बळी ४,२०४ की ४,१८७, हा वाद वर्षानुवर्षे आहे. तेथेही दोन्ही आकडे आणि फरकाचे कारण असे शेजारी छापणे हाच प्रामाणिक उपाय आहे. येथे तो खेळाडूच्या पानावर दिसत नाही. संलग्न असलेल्या ‘बुलपेन’ या वाचकांनी लिहिलेल्या कोशात किंवा अन्यत्र शोधावे लागते.

विजय हे माप किती फसवे आहे हे मात्र याच पानावरून उत्तम कळते, कारण प्रत्येक हंगामाच्या ओळीत विजय-पराभवाच्या शेजारीच ईआरए दिलेला असतो, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे आलेल्या धावा वगळून पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. १९०५ ची ओळ पाहा. यंगचा ईआरए १.८२, म्हणजे कोणत्याही काळात उत्कृष्टच म्हणावा असा, आणि तरी त्याचे विजय १८ व पराभव १९. संघाने धावा केल्या नाहीत तर पिचरने काय करावे? उलट १८९३ मध्ये ईआरए ३.३६ असतानाही त्याचे ३४ विजय आहेत. दोन ओळींतील हा विरोध जो वाचक नीट समजून घेईल, त्याला निम्मे बेसबॉल समजले असे मी म्हणेन.

१८९३ च्या या ओळीपाशीच या सेवेची उणीव उघड होते. १८९२ मध्ये यंगने ४५३ इनिंग टाकून ३६ सामने जिंकले आणि त्याचा ईआरए १.९३ होता. एका वर्षात तो ३.३६ वर गेला. पंचविशीतला, धडधाकट पिचर अचानक इतका महाग कसा झाला, याचे उत्तर तक्त्यात नाही, ते नियमात आहे. १८९२ पर्यंत पिचरला आखलेल्या चौकटीत उभे राहावे लागे आणि तिच्या मागच्या रेषेवर, म्हणजे फलंदाज जेथे उभा राहतो त्या होम प्लेटपासून ५५ फूट ६ इंचांवर, मागचा पाय ठेवून चेंडू टाकावा लागे. १८९३ मध्ये चौकट गेली, रबरी पट्टी आली आणि अंतर ६० फूट ६ इंच झाले, जे आजही तसेच आहे. ज्या वर्षी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले त्याच वर्षी तिकडे पिचर पाच फूट मागे गेला. आपली खेळपट्टी ६६ फुटांची असल्यामुळे पाच फूट म्हणजे किती हे गोलंदाजी केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. या बदलाने अनेक पिचरांची कारकीर्द उतरणीला लागली. १८९२ मध्ये विजयांच्या यादीत यंगच्या बरोबरीने शिखरावर असलेला शिकागोचा बिल हचिन्सन १८९३ मध्ये १६ विजयांवर आला आणि पुन्हा कधी वर गेला नाही. यंग मात्र त्यानंतर आणखी १८ हंगाम टिकला. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे कर्तृत्व मला हेच वाटते, ५११ हा आकडा त्यानंतर येतो. आणि तेच नेमके या पानावर दिसत नाही, कारण १८९२ आणि १८९३ या दोन ओळी एकाखाली एक अशा छापल्या आहेत की जणू मध्ये काही घडलेच नाही. त्या जागी एक आडवी रेघ आणि एका वाक्याची टीप एवढे पुरेसे झाले असते.

या उणिवेवर अर्धा उपाय मात्र संकेतस्थळाने दिलेला आहे आणि तो हुशारीचा आहे. ईआरएच्या पुढे ‘ईआरए प्लस’ नावाचा एक रकाना असतो. त्यात पिचरचा ईआरए त्याच वर्षीच्या लीगच्या सरासरीशी ताडून, मैदानाचा परिणाम वजा करून मांडलेला असतो. १०० म्हणजे सरासरी. त्याहून जितका जास्त तितका पिचर आपल्या काळात सरस. यंगचा संपूर्ण कारकिर्दीचा आकडा १३८ आहे. अंतर वाढले तेव्हा ते सर्वांसाठीच वाढले, त्यामुळे या रकान्यात १८९३ चा यंग तितका घसरलेला दिसत नाही. नियमबदलाचे कारण वाचकाला कळत नसले तरी त्याचा परिणाम हिशेबात धरला जातो. आपल्याकडच्या आकडेवारीत असा काळाशी ताडलेला रकाना सर्रास छापायला लागला तर १९५० मधील गोलंदाज थोर की आजचा, यावर चहाच्या टपरीवर होणारी भांडणे निदान अधिक माहितीपूर्ण होतील.

याउलट ‘वॉर’ या आकड्याबाबत मी वाचकांना सावध करीन. संघात सहज मिळू शकेल अशा कामचलाऊ बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूने किती विजय अधिक मिळवून दिले, याचा तो अंदाज आहे, आणि पिचरांच्या या संकेतस्थळावरील यादीत यंग अग्रभागी आहे. पण अंदाज काढण्याची रीत अधूनमधून सुधारली जाते आणि मग शंभर वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचा आकडाही हलतो. ‘फॅनग्राफ्स’ या दुसऱ्या संकेतस्थळाची रीत वेगळी, म्हणून उत्तरही वेगळे. अंदाज करण्यात गैर काही नाही आणि रीत उघडपणे मांडलेली आहे. तरी मैदानावर मोजलेला आकडा आणि नंतर काढलेला अंदाज एकाच टाइपात, एकाच ठळकपणे छापलेले पाहिले की माझ्यासारख्याला अवघडल्यासारखे होते.

पुन्हा यंगकडे येऊ. त्याने ८१५ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यांपैकी ७४९ सामने स्वतःच शेवटपर्यंत टाकले. एकूण इनिंग ७,३५६. बावीस हंगामांत वर्षाला सरासरी ३३४. आज संघातला प्रमुख पिचर वर्षाला २०० इनिंग टाकतो तेव्हा त्याचे कौतुक होते. एवढा भार एका खांद्याने कसा पेलला? उत्तराचा एक धागा पानावरच आहे. इतक्या इनिंगमध्ये यंगने फलंदाजांना चेंडू भरकटल्याबद्दल फुकट बहाल केलेले पहिले तळ (धावेसाठी ओळीने गाठायच्या चार थांब्यांपैकी पहिला), म्हणजे ‘वॉक’, केवळ १,२१७ आहेत. नऊ इनिंगमागे दीडसुद्धा नाही. जो नेम धरून टाकतो त्याला चेंडू कमी टाकावे लागतात. त्याने २,८०३ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन वेळा चकवून (तीन ‘स्ट्राइक’वर) बाद केले खरे, पण बहुतेकांना तो चेंडू मारायला लावून क्षेत्ररक्षकांकडून बाद करवीत असे, आणि सामन्यापूर्वीचा सराव थोडक्यात उरकून खांदा राखीत असे. हिवाळ्यात तो शेतावर राबे. त्याने एकूण चेंडू किती टाकले हे मात्र येथे मिळणार नाही, कारण तेव्हा ते कोणी मोजतच नव्हते. जे मोजलेले नाही ते अंदाजाने भरून न काढण्याचा संयम येथे पाळला आहे, याची नोंद घेतली पाहिजे.

आणखी एक रकाना असा आहे की त्यावरून माझी नजर सहजासहजी हटत नाही. यंगने दिलेल्या एकूण धावा ३,१६७ आणि त्यांतील त्याच्या खात्यावर धरलेल्या धावा २,१४७. म्हणजे जवळपास एक तृतीयांश धावा क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून आल्या. आजच्या पिचरच्या पानावर हाच फरक पाहिला तर तो किरकोळ असतो. त्या काळचे हातमोजे तळव्याला जेमतेम झाकणारे, मैदाने खडबडीत, चेंडू मळलेला आणि मऊ पडलेला. हे सगळे वर्णन वाचण्यापेक्षा या दोन आकड्यांची वजाबाकी अधिक बोलकी आहे. अशा क्षेत्ररक्षणाच्या भरवशावर फलंदाजाला चेंडू मारू देणे हे धाडसच होते. शिवाय ईआरए हे माप नॅशनल लीगने १९१२ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९१३ मध्ये अधिकृत केले, म्हणजे यंग निवृत्त झाल्यानंतर. १९०१ मध्ये ३३ विजय, १.६२ ईआरए आणि १५८ स्ट्राइकआउट असा तिन्ही रकान्यांत पहिला क्रमांक त्याने मिळवला आणि त्याला आज ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात, पण तो मान त्याला मागाहून मिळालेला आहे. त्या वर्षी त्याला स्वतःचा ईआरए छापील स्वरूपात पाहायलाही मिळाला नसेल.

५ मे १९०४ चा सामना तर कोणीही शोधून वाचावा असा आहे. बॉस्टनच्या हंटिंग्टन अव्हेन्यू मैदानावर फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सविरुद्ध यंगने सलग २७ फलंदाज बाद केले. एकही जण पहिल्या तळापर्यंत पोहोचला नाही. बॉस्टन ३-० असे जिंकले. शेवटचा बाद झालेला फलंदाज होता रूब वॅडेल, जो त्या दिवशी समोरच्या संघाचा पिचर आणि त्या काळातील यंगचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात आणि आधुनिक काळातील हा पहिलाच. ‘आधुनिक’ हे विशेषण येथे पुन्हा त्या अंतराकडे बोट दाखवते: जून १८८० मध्ये ली रिचमंड आणि जॉन माँटगोमेरी वॉर्ड यांनी पाच दिवसांच्या अंतराने असेच दोन सामने टाकले होते, पण तेव्हा पिचर ४५ फुटांवर उभा असे. यंगचे असे ‘नो-हिटर’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (चेंडू मारून तळ गाठणे) न दिलेले, एकूण तीन सामने आहेत. १८९७ मधला पहिला, परफेक्ट गेम दुसरा आणि ३० जून १९०८ रोजी न्यूयॉर्कविरुद्धचा तिसरा. या तिसऱ्या सामन्यात त्याने पहिल्याच फलंदाजाला वॉक दिला, तो तळ चोरताना, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या तळाकडे धावताना, बाद झाला आणि त्यानंतर कोणी तळावर आलेच नाही. तेव्हा यंगचे वय ४१ होते आणि त्या हंगामातील त्याचा ईआरए १.२६.

१९०३ च्या पहिल्या आधुनिक वर्ल्ड सिरीजबद्दल थोडक्यात सांगतो. बॉस्टन आणि पिट्सबर्ग यांच्यातील पहिल्या सामन्याचा पहिला चेंडू यंगने टाकला आणि तो सामना तो ३-७ असा हरला. पुढे त्याने दोन जिंकले आणि बॉस्टनने मालिका ५-३ अशी घेतली. मालिकेचा खरा मानकरी तीन सामने जिंकणारा बिल डिनीन होता आणि संकेतस्थळाचे मालिकेचे पान हे निःपक्षपातीपणे दाखवते. कीर्ती आणि धावफलक यांच्यात असा फरक पडतो तेव्हा धावफलकाच्या बाजूने उभी राहणारी सेवा मला आवडते.

वारशाचा भाग तपासायला या संकेतस्थळाची मतदानाची पाने फार उपयोगी आहेत. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, १९३६ साली पहिले मतदान झाले, त्यात कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन आणि जॉन्सन निवडले गेले. यंग निवडला गेला नाही. २२६ पैकी १११ मते, म्हणजे ४९.१ टक्के, हवी होती ७५ टक्के. कारण असे की एकोणिसाव्या शतकातील खेळाडूंसाठी वेगळे मतदान होते आणि दोन्ही शतकांत खेळलेल्या यंगची मते दोन्हीकडे विभागली गेली. पुढच्या वर्षी तो ७६.१ टक्के मतांनी, म्हणजे काठावर, आत आला. ज्याच्या विजयांचा विक्रम मोडणे अशक्य मानले जाते त्याला काठावर पास व्हावे लागले, हे मतदानाचा तक्ता उघडल्याशिवाय कोणाला खरे वाटणार नाही. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी यंगचे निधन झाले आणि १९५६ पासून सर्वोत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार देण्यास आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी सुरुवात केली. पहिला मानकरी ब्रुकलिनचा डॉन न्यूकम. १९६६ पर्यंत दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार असे, १९६७ पासून प्रत्येक लीगला स्वतंत्र. रॉजर क्लेमेन्सने तो सात वेळा जिंकला आहे.

पण पुरस्काराचे पान वर्षावर्षाने खाली वाचत गेले की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. २०१० मध्ये फेलिक्स हर्नांडेझला तो १३ विजय आणि १२ पराभव असताना मिळाला. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमला १० विजय आणि ९ पराभव असताना मिळाला, कारण त्याचा ईआरए १.७० होता. २०२१ मध्ये कॉर्बिन बर्न्सने अवघ्या १६७ इनिंग टाकून तो पटकावला. विजय आणि अखंड कष्ट यांसाठी ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्याच नावाचा पुरस्कार आता विजय न मोजता दिला जातो. मला यात यंगचा अपमान दिसत नाही. १९०५ चा यंग, १८ विजय आणि १९ पराभवांचा, आज या पुरस्काराच्या शर्यतीत निश्चितच धरला गेला असता.

हे सर्व वाचताना मनात सतत बाळू पालवणकरांचा विचार येत होता. यंगचा अखेरचा हंगाम १९११ चा, आणि त्याच उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातून बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. बाळू डावखुरे आणि यंग उजवा हा भेद सोडला तर दोघेही नेमाच्या बळावर जगणारे. जातिभेदाशी झगडत खेळलेल्या या गोलंदाजाने पुण्या-मुंबईच्या क्लब सामन्यांत घेतलेले असंख्य बळी कोठे एकत्र मांडलेले नाहीत, आणि यंगच्या १८९० मधील क्लीव्हलंडच्या पहिल्या हंगामातील नऊ विजय मात्र मला ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून फोनवर वाचता येतात. तिकडे हे आपोआप झालेले नाही. जुनी वृत्तपत्रे चाळून, धावफलक उतरवून काढणाऱ्या हौशी संशोधकांची दशकांची मेहनत त्यामागे आहे आणि संकेतस्थळ या ऋणाचा उल्लेख करते. कांगा लीगची जुनी स्कोअरबुके कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांच्या धन्यांनी हे संकेतस्थळ जरूर पाहावे.

वापराच्या बाजूने काही सूचना. तक्ते रुंद आहेत, त्यामुळे फोन आडवा धरून वाचलेले बरे. अभ्यास करायचा असेल तर संगणकच हवा. प्रत्येक तक्त्यावर तो स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुरात उतरवून घेण्याची सोय आहे, तेथून तो एक्सेलमध्ये चिकटवता येतो. क्लबची आकडेवारी ठेवणाऱ्या तरुण मुलांना मी पहिल्यांदा हीच सोय दाखवतो. ठळक अक्षरांतील आकडा म्हणजे त्या वर्षी त्या रकान्यात लीगमध्ये पहिला क्रमांक, एवढी खूण लक्षात ठेवली की यंगच्या पानावर नजर फिरवूनच त्याची सद्दी कोणत्या वर्षांत होती ते कळते. शालेय स्पर्धांसाठी सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल शिकवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना थेट हे पान द्यावे असे मी म्हणणार नाही. आधी १८९३ चे अंतर, १९०१ आणि १९०३ मध्ये दोन लीगांत आलेला फाउल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला चेंडू, स्ट्राइक मोजण्याचा नियम आणि १९५० ची विजयाची व्याख्या या तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात, मग पान उघडावे.

स्टॅटहेडची वर्गणी घ्यावी का, हे तुम्ही प्रश्न कसला विचारता यावर अवलंबून आहे. एकाच खेळाडूचे आयुष्य वाचायचे असेल तर फुकटची पाने भरपूर आहेत. यंगबद्दल वर लिहिलेल्या आकड्यांसाठी वर्गणीची गरज नाही. पण चाळिशी ओलांडल्यावर एका हंगामात वीस किंवा अधिक सामने कोणी जिंकले, असा आडवा प्रश्न पडला की निकषांनी शोधण्याची सोय लागते. तशी यादी केली तर तीत १९०७ आणि १९०८ चा यंग आहे, १९२७ चा ग्रोव्हर अलेक्झांडर आहे, १९६३ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी २३ विजय मिळवणारा वॉरन स्पॅन आहे, १९७९ चा फिल नीक्रो आहे आणि २००३ चा जेमी मोयर आहे. असे प्रश्न ज्याला रोज पडतात त्याने वर्गणी भरावी; इतरांनी सक्रिय खेळाडूंची विजयांची फुकटची यादी अधूनमधून उघडून पाहावी, जिच्या माथ्यावर २०२५ चा हंगाम संपला तेव्हा २६६ विजय मिळवलेला जस्टिन व्हर्लँडर होता.